शोएबच्या झाडाखाली

पावसाळ्याआधी चाकणच्या कंपन्यांमध्ये झाडं छाटायला येणाऱ्या टोळ्या पुष्कळ आहेत, पण एका बाईमुळे ओळखली जाणारी टोळी एकच होती, अण्णासाहेबांची. अण्णासाहेब म्हणजे ठेकेदार. झाडं छाटणं, हिरवळ कापणं, गटारं उपसणं, जे मिळेल ते काम घेणारे. त्यांच्या टेम्पोतून सगळी माणसं उतरली की शेवटी पन्नाशीकडे झुकलेली एक शेलाटी बाई उतरायची, ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन कमरेला खोचायची आणि ज्या झाडावर तिचा मुलगा शोएब चढणार त्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. बाजूला नव्हे, सावलीत नव्हे, तर जिथे फांद्या पडणार नेमकं तिथेच. नाव शमीम. तिचं काम म्हणाल तर पडलेल्या फांद्या ओढून ढीग लावण्याचं. पण शोएब वर असेपर्यंत ती फांदीला हात लावायची नाही. नुसती मान वर करून उभी.

"ओ मावशी, बाजूला व्हा, डोक्यात पडंल!" वॉचमन ओरडायचे. शमीम ढिम्म. नव्या माणसाला वाटायचं, बाई बहिरी असावी, नाहीतर डोक्याने अधू. तसं काही नव्हतं. तिचं डोकं चांगलं शाबूत होतं आणि तिथे उभं राहण्यामागे तिचा पक्का विचार होता. तो कसा उलटला ते मला सांगायचंच आहे, पण तो तिच्या मनात आला कसा हे आधी सांगितलं नाही तर तुम्हीही तिला वेडी म्हणून मोकळे व्हाल.

शमीमचा नवरा नूरमोहम्मद शिकलगार. माणसं मूळची बार्शीकडची, घराण्याचा धंदा धार लावण्याचा. रहाटणीत खोली घेतली, दारात सहाण फिरू लागली. कात्र्या यायच्या, विळे यायचे, मग झाडं छाटणाऱ्यांच्या कुऱ्हाडी आणि कोयते यायला लागले, आणि एक दिवस त्या कुऱ्हाडींच्या मागोमाग नूरमोहम्मदही गेला. चढायला तरबेज होता. धार लावताना कंबर धरायची, झाडावर त्याची कंबर कधी धरली नाही, असं तो कौतुकाने सांगायचा.

हा माणूस पट्टा न लावता मेला असता तर गोष्ट सोपी होती. लोकांनी चुकचुक केली असती, निष्काळजी होता म्हटलं असतं आणि चहा घेऊन घरी गेले असते. पण नूरमोहम्मदने पट्टा लावला होता. रोज लावायचा. अण्णासाहेबांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला, इमारतीच्या परांचीवर चढणाऱ्यांसाठी बनवलेला, पाठीमागे हूक असलेला पट्टा. आकुर्डीतल्या एका सोसायटीत चेअरमनला बाल्कनीत ऊन हवं होतं, म्हणून गुलमोहराचा अख्खा शेंडा उतरवायचा होता. एवढं चांगलं झाड बोडकं करून ठेवायची ही हौस आपल्या लोकांना कुठून आली कोण जाणे. नूरमोहम्मद वर गेला, हाताशी जी सगळ्यात जाड फांदी होती तिला त्याने हूक अडकवला, आणि तीच फांदी कापली.

हसू नका. मुळाकडच्या खोडाला दोर घ्यायचा, आपण कापतो त्या फांदीला कधीच नाही, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलीच नव्हती. पट्टा द्यायचा एवढंच सगळ्यांना माहीत. तो कशाला बांधायचा हे विचारायची गरज ना देणाऱ्याला वाटली, ना घेणाऱ्याला. फांदी गेली आणि तिच्याबरोबर तोही गेला. शमीम रिक्षाने धावत पोचली तेव्हा तो पालापाचोळ्यात उताणा पडलेला होता आणि पट्ट्याची लोंबती दोरी अजून त्या तुटलेल्या फांदीला अडकलेली होती. ती तिने स्वतःच्या हाताने सोडवली. भोवती जमलेल्यांत चेअरमन म्हणत होते, पट्टा होता हो, आम्ही बघितला. अण्णासाहेब म्हणत होते, पट्टा मी दिलेला. सगळ्यांचंच खरं होतं, त्यामुळे दोष कुणाकडेच गेला नाही.

शोएब तेव्हा भोसरीच्या एका पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ठेक्यावर कामाला होता. पुढे ठेका संपला, शिफ्ट बंद झाली, आणि तो सरळ अण्णासाहेबांकडे गेला. शमीमने घर डोक्यावर घेतलं. जेवण सोडलं, बोलणं सोडलं. "तुझ्या बापाला खाल्लं त्या धंद्याने, आता तू जा त्याच्या तोंडात," म्हणाली. शोएब बापाच्याच वळणाचा, मऊ बोलायचा आणि मनातलंच करायचा. शेवटी शमीमने हात टेकले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच टेम्पोत चढून बसली. पोराला अडवता येत नाही, तर निदान नजरेसमोर तरी राहील.

नजरेसमोर राहिला आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. शोएब वर गेला की दुसराच माणूस व्हायचा. या फांदीवरून त्या फांदीवर जाताना हूक काढून टाकायचा आणि परत लावायला विसरायचा. एका हाताने करवतीचं मशीन डोक्याच्या वर धरून कापायचा. खालून टोळीतली पोरं "वा भावा!" म्हणायची आणि हा आणखी चेकाळायचा. शमीम ओरडली तर हसायचा.

मग एकदा मोशीला असं झालं, की शोएब वर कापत असताना खाली कुणाचा तरी कोयता राहिला होता, तो उचलायला शमीम आत शिरली. वरून हाक आली, "अम्मी, सर तिथून!" तिचा पाय वेलीत गुंतला होता, तिला पटकन हलता येईना. तिने वर बघितलं. शोएबने मशीन बंद केलं होतं. त्याने हूक खोडाला लावला, ओढून बघितला, फांदीला दोर बांधला, दोर वरच्या बेचक्यातून घेतला आणि खाली दोर धरणाऱ्या दत्तोबांना तीन-तीनदा विचारून ती फांदी अशी अलगद उतरवली, की पान गळालं नाही. एरवी धाडकन सोडून देणारा तिचा पोरगा नमाजाला उभा राहिल्यासारखा काम करत होता.

शमीमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वतःच्या जिवाची या पोराला पर्वा नाही, पण आईच्या जिवाची आहे. मग आपला जीव त्याच्या फांदीखाली ठेवला की झालं.

त्या दिवसापासून ती उभी राहायला लागली. वर्षं गेली. शोएब कुरकुरायचा, चिडायचा, पण ती हलत नाही म्हटल्यावर हूक लावायचा, दोर घ्यायचा, जपून कापायचा. बाकीच्या टोळ्यांतली माणसं पडली, पाय मोडून घरी बसली. शोएबला खरचटलंसुद्धा नाही. दत्तोबा म्हणजे टोळीतले दोर धरणारे म्हातारे, चाकणजवळच्याच एका गावचे. ते म्हणायचे, "त्या पट्ट्यात काय न्हाई. ही भाभी हाय त्याचा खरा पट्टा." शमीमला ते ऐकून बरं वाटायचं. शोएबला वाटायचं नाही.

"अम्मी, लोक हसतात गं मला," तो घरी म्हणायचा.

"हसू देत. जिवंत माणसालाच हसतात," ती म्हणायची आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

हे असंच चाललं असतं. पण चाकणमधल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मंजुषा नावाची नवी सेफ्टी ऑफिसर आली. लातूरकडची मुलगी, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. शोएब बस पार्किंगच्या कडेच्या झाडावर आणि शमीम त्याखाली, हे दृश्य तिने बघितलं आणि शिटीच मारली. काम बंद. सगळे खाली. तिने पट्टे बघितले, उलटेपालटे केले आणि अण्णासाहेबांना म्हणाली, "हे झाडावर चालणार नाहीत. आणि ह्या मावशी इथं कशाला उभ्या हैत?"

अण्णासाहेबांनी दात दाखवले. "त्यांची पद्धत आहे मॅडम."

पद्धत बिद्धत काही चालली नाही. जोवर माणसं शिकत नाहीत तोवर टोळी आत येणार नाही, असं तिने ठणकावलं. कंपनीनेच बाहेरून एक शिकवणारा आणला. शिकायला शोएब आणि त्याच्याच वयाचा सुजित, असे दोघे निवडले.

त्या दिवसांत शोएब घरी आला की त्याचं तोंड थांबायचं नाही. हा पट्टा वेगळा, अम्मी, कमरेला आणि मांड्यांना धरतो, माणूस त्यात खुर्चीत बसल्यासारखा बसतो. मुख्य दोर वर, जिवंत आणि जाड खोडाला. शिवाय दोन आखूड दोऱ्या. एक लावल्याशिवाय दुसरी सोडायची नाही, कधीच नाही, जागा बदलतानासुद्धा एक लावलेली पाहिजेच. चढायच्या आधी बुंधा ठोकून ऐकायचा, मुळाशी अळंबी आहे का बघायची, पोकळ झाडावर चढायचंच नाही. आणि खाली सुजितसारखा शिकलेला दुसरा माणूस तयार पाहिजे, वरचा अडकला तर चढून त्याला उतरवणारा.

"अब्बांना हे कुणी सांगितलं असतं ना..." तो म्हणाला. शमीम उठली, दूध उतू जातंय म्हणाली. गॅसवर दूध नव्हतंच. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि रडली, आवाज न करता, कारण हे सगळं जगात कुठेतरी लोकांना ठाऊक होतं आणि तिच्या नवऱ्यापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं.

पण शिकवणीत आणखीही एक गोष्ट होती. फांदी जिथे पडू शकते त्या सगळ्या जागेभोवती लाल-पांढरी टेप बांधायची आणि काम चालू असताना टेपच्या आत कुणीही जायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

मंजुषाने शमीमला बाजूला घेऊन हे नीट समजावलं. "मावशी, तुमच्या जिवासाठी हाय, आणि त्याच्याबी."

"तुझं लग्न झालंय का?" शमीमने विचारलं.

"नाही."

"मग पोर झालं की बोलू आपण."

हे बोलणं काही बरं नव्हतं. मंजुषाने ते गिळलं आणि म्हणाली, "तो वर असताना त्यानं फांदीकडं बघायला पाहिजे. तुम्ही खाली असलात की त्याचं अर्धं ध्यान तुमच्याकडं असतंय."

"त्याचं ध्यान माझ्याकडे असतं म्हणूनच तो टिकलाय," शमीम म्हणाली. आणि सांगा बरं, इतक्या वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या बाईने दुसरं काय म्हणावं?

शेवटी शोएबनेच तिला विनवलं. जेवण झाल्यावर तिच्यासमोर मांडी घालून बसला. "अम्मी, आता मला येतंय. खरंच येतंय. तू खाली असलीस ना, की माझा हात थरथरतो. आधीपण थरथरायचा, मी बोललो नाही. तू टेपच्या बाहेर राहशील?"

हात थरथरतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. "राहीन," ती म्हणाली.

आणि राहिलीसुद्धा. टेपच्या बाहेर, टोळीतल्या इतर बायकांच्या शेजारी. बायका फांद्या ओढायच्या, गप्पा मारायच्या, एकमेकींना तंबाखू द्यायच्या. शमीमचा जीव टांगणीला. लांबून तिला शोएब धड दिसायचा नाही, पानांत कुठे हेल्मेट, कुठे बूट. बोलणंही संपलं होतं, कारण नव्या हेल्मेटला कान झाकणाऱ्या वाट्या होत्या. मशीनच्या आवाजाने कान जातात म्हणून त्या लावायच्या. चांगल्याच होत्या. पण पूर्वी तिने "शोएब" म्हटलं की वरून "हां अम्मी" यायचं, ते गेलं. आता ती हाक मारायची आणि वर नुसतं मशीन भुंकायचं. रात्री घरी तो हसतखेळत जेवायचा, पाठ दुखत नाही म्हणायचा, नव्या पट्ट्याचं कौतुक सांगायचा. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटायचं, आपल्या हातातून दोरी कुणीतरी काढून घेतली आहे.

मे महिना संपत आला होता. त्याच कारखान्यात मागच्या बाजूला एक जुना रेन ट्री होता, छत्रीसारखा पसरलेला. त्याची एक जाडजूड फांदी कामगारांच्या बस थांबतात त्या शेडवर आली होती, आणि तिला चीर गेलेली होती. पावसात ती शेडवर येणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. शोएबने झाड ठोकून बघितलं, भोवती फिरून बघितलं. बेत ठरला. फांदीला दोर, दोर वरच्या बेचक्यातून खाली दत्तोबांकडे, दत्तोबांनी तो बुंध्याला वेढे देऊन धरायचा. फांदी तुटली की शेडपासून लांब, मोकळ्या गवतावर झुलवायची आणि तिथे दोर ढिला करून सोडून द्यायची. सुजित खाली तयार. टेप बांधली. मंजुषाने सगळं तपासलं, मान हलवली आणि तेवढ्यात पुढच्या गेटवर कसलीशी गाडी अडकली म्हणून तिला बोलावणं आलं, ती तिकडे गेली.

शोएब फांदीवर सरकला. जागा बदलायची होती. त्याने शिकवल्याप्रमाणे दुसरी दोरी खोडाला लावली, ओढून बघितली आणि मग पहिली सोडली. सगळं बरोबर. पण शमीम उभी होती तिथून खोडाला लावलेली दोरी पानांआड होती. तिला दिसली ती सोडलेली. शोएबच्या कमरेपासून खाली लोंबणारी, मोकळा हूक हलतोय अशी.

तशीच दोरी तिने आकुर्डीत सोडवली होती.

"शोएब! हूक! हूक लाव!" ती किंचाळली. मशीन सुरू झालं होतं. कानांवर वाट्या होत्या. शेजारच्या बायकांनी तिला धरलं नाही, कारण धरायला हवं हे त्यांना सुचलंच नाही. ती तर इतकी वर्षं झाडाखालीच उभी राहायची. शमीम टेपखालून वाकून आत गेली. सुजितची नजर वर होती. दत्तोबांची पाठ होती. ती चालत चालत गवतापर्यंत गेली आणि तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली, मान वर करून. आता दिसेन त्याला. आता लावेल.

शोएबने खालून खाच दिलेली होती आणि वरून कापायला घेतलेलं होतं. चिरलेली फांदी कडकडली. एकदा कडकडल्यावर ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याने मशीन मागे घेतलं, खाली बघितलं आणि गवतावर आई दिसली.

तो ओरडला. दत्तोबांना ओरडला, धरा म्हणून. दत्तोबा ढिला करायच्या तयारीत होते. त्यांनी अंगाचा सगळा भार टाकून दोर आवळला, पण फांदीचं वजन सुटलेलं, वेढे सरकायला लागले. दोर बेचक्यातून सरसर जात होता, शोएबच्या अगदी हाताजवळून. आणि शिकवणाऱ्याने जे पहिल्या दिवशी, पुन्हा शेवटच्या दिवशी बजावलं होतं, की पळत्या दोराला कधी हात घालायचा नाही, ते सगळं विसरून शोएबने उजव्या हाताने तो दोर धरला. दोराने हात बेचक्यात ओढून नेला. तिथे तो अडकला आणि फांदी थांबली.

शमीमच्या डोक्यापासून हातभर वर थांबली. तिच्या कपाळाला पानं लागली. आणि हे सांगताना माझाच जीव गोळा होतो, पण शमीमला त्या क्षणी आनंद झाला. बघा, किती जपून उतरवतोय, असं तिच्या मनात आलं. तिने हात वर करून पानांना लावलासुद्धा. मग वरून शोएबची किंकाळी आली.

तो पडला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे गावभर सगळ्यांनी हेच घोळवलं. पट्ट्याने त्याला धरून ठेवलं, खोडाला लावलेली दोरी जागची हलली नाही. सुजित शिकवल्याबरहुकूम वर चढला, हाताच्या वर घट्ट बांधलं, हात सोडवला आणि त्याला कमरेशी घेऊन खाली आला. खालच्या माणसाला चढता आलं नसतं तर रक्त जाऊनच खेळ संपला असता, असं डॉक्टर म्हणाले. नूरमोहम्मदच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. या वेळी सगळं होतं.

उजव्या हाताचा अंगठा राहिला. बाकी राखता आलं नाही.

पिंपरीच्या हॉस्पिटलात लोक भेटायला यायला लागले. येईल तो म्हणायचा, जीव वाचला, अल्लाची मेहेरबानी. शोएब प्रत्येकाला एकच सांगायचा, "दोर सटकला." शमीम मध्येच म्हणायची, "दोर नाही, मी आत गेले होते. मी खाली उभी होते." लोक तिच्या पाठीवर हात ठेवायचे आणि तिला पाणी द्यायचे. आईच्या मनावर परिणाम झालाय, असं कॉरिडॉरमध्ये बोलायचे.

दत्तोबा आले आणि दारातच लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. "माज्या हातचा दोर सुटला वो भाभी. म्हातारपन लागलं मला. आता न्हाई धरत मी दोर."

"दत्तोबा, तुम्हाला शपथ आहे. तुमचं काही नाही चुकलं, मी होते तिथे," शमीम म्हणाली.

"गप ऱ्हावा. आईवर कुनी घेतंय व्हय असं," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला. पुन्हा कामावर आला नाही.

मंजुषाही आली. शमीमला वाटलं, ही तरी बोलेल. हिने सांगितलं होतं, हिला हक्क आहे. तिने मंजुषाचा हात धरला. "तू तरी बोल मला. तू सांगितलं होतंस ना."

मंजुषा तिच्याजवळ बसली. "टेपपाशी एक माणूस उभा करायला पाहिजे होता मी," ती म्हणाली. "नुसती टेप बांधून भागत नाही. ते माझं काम होतं, मावशी." आणि तीही रडली. सुजित म्हणाला, माझी नजर खाली हवी होती. अण्णासाहेबसुद्धा, ज्यांनी आयुष्यात कशाचाच दोष घेतला नव्हता, पडेल चेहऱ्याने म्हणाले की या बाईला टोळीत घ्यायलाच नको होतं. जो तो आपापला वाटा उचलून घेऊन गेला. शमीमचा होता तो सगळ्यात मोठा, आणि तो तिला कुणी उचलू देईना.

शोएब घरी आला. शमीमने पूर्वी किती वेळा दुवा मागितली होती, की हे पोर झाडावरून खाली येऊ दे, कायमचं. आता तो खालीच होता. सकाळी दारात बसायचा, समोरच्या रस्त्यावरून कंपनीच्या बस जाताना बघायचा. आईशी चांगलं बोलायचा. पाणी दे म्हणायचा, मीठ कमी आहे म्हणायचा. तिच्यावर आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर ती त्या पदरात घेऊन जगली असती. त्या चांगुलपणाने ती आतून जळत होती.

एका सकाळी तो डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायला बघत होता. बटण काजात जाईना. शमीम पुढे झाली, त्याच्यासमोर बसून बटणं लावायला लागली. त्याने लावू दिली. मधल्या बटणाशी तिचे हात थांबले.

"एकदा बोल ना रे मला. जे मनात आहे ते बोल."

शोएबने आधी मान हलवली. मग जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "हूक लावलेला होता, अम्मी. दुसरा. पानांमागे होता."

"आता माहीत आहे मला."

"आणि ती फांदी सोडूनच द्यायची होती. धरायचीच नव्हती. खाली गवत होतं नुसतं. सोडायची, एवढंच काम होतं."

"मग सोडायची होतीस," शमीम म्हणाली. "सोडायची होतीस रे. माझं काय राहिलंय आता. का नाही सोडलीस?"

त्याने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. एखाद्याने फारच वेड्यासारखं काही विचारावं तसं नवल होतं.

"तू होतीस ना खाली," तो म्हणाला.

शमीमने मान खाली घातली आणि उरलेली बटणं लावली. तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. तो सोडणार नाही, याच भरवशावर तर ती इतकी वर्षं तिथे उभी राहिली होती.